जुनी जीएलएस घ्यायची तर हिशेब ऐंशी लाखांच्या गाडीचाच

चोपड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा : घरात आई-वडील धरून सात माणसं. २०१७ ची मर्सिडीज जीएलएस ३५० डी, ८६ हजार किलोमीटर चाललेली, ३२ लाखांत मिळतेय. थोडी भर घातली तर नवी इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड येते. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणं आहे, गाडी सहा-सात वर्षं ठेवायची आहे. जीएलएस परवडेल का?

घेणं परवडेल. सांभाळणं परवडेल का, हे ३२ लाखांवरून ठरत नाही. २०१६ साली ही गाडी भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ऐंशी लाखांच्या घरात होती. आज जुन्या बाजारात तिचा भाव निम्म्याहून खाली आलाय, पण तिच्या स्ट्रटचा, इंजेक्टरचा, हेडलाइटचा भाव उतरलेला नाही. म्हणजे गाडी इनोव्हाच्या पैशांत येते, पण बिलं ऐंशी लाखांच्या गाडीचीच येतात. हे गृहीत धरून चार-पाच लाख वेगळे ठेवता येत असतील, आणि खाली सांगितलेली तपासणी गाडी पास झाली, तरच पुढे जा.

आधी इंजिन. २,९८७ सीसीचं व्ही-६ डिझेल, कंपनीच्या भाषेत ओएम६४२. ताकद २५८ अश्वशक्ती, जोडीला नऊ गिअरचा ऑटोमॅटिक. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. मूळ इंजिन दणकट आहे, वेळेवर ऑइल बदललं तर अडीच-तीन लाख किलोमीटरची चिंता नाही. त्रास देतात ती त्याच्या अंगावरची रबरं आणि छोट्या मोटरी.

सगळ्यात प्रसिद्ध दुखणं ऑइल कूलरच्या सीलचं. या इंजिनात ऑइल कूलर बाहेर कुठे नाही, दोन बाजूंच्या सिलिंडरांमधल्या खोबणीत, टर्बोच्या पोटाखाली बसवलेला आहे. तिथे उष्णता कोंडते. वर्षानुवर्षं तापून-निवून कूलरखालची सील कडक होतात आणि ऑइल खोबणीत साचायला लागतं. साचलेलं ऑइल मागे सरकतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून खाली टपकतं. इथेच घोळ होतो. खालून बघणारा मिस्त्री म्हणतो, ‘‘क्रँकचं मागचं सील गेलं,’’ आणि गिअरबॉक्स उतरवतो. सील बदलतो, बिल होतं, आठ दिवसांनी गळती जागच्या जागी. म्हणून गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी वरचं प्लास्टिक कव्हर काढून टर्बोच्या मागे टॉर्च आणि आरसा, जमल्यास कॅमेऱ्याची नळी घालून खोबणी बघायला लावा. तिथे ऑइलचं डबकं दिसलं तर गळती वरून आहे.

सुरुवातीच्या ओएम६४२ इंजिनांत केशरी रंगाची सील होती, ती लवकर जायची. नंतरची जांभळी जास्त टिकतात. तरीही एवढ्या जुन्या गाडीत बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. सील स्वस्त आहेत, महाग आहे ती मजुरी : टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड उतरवावं लागतं, सराईत माणसालाही दीड-दोन दिवस लागतात. एवढं उघडल्यावर नुसती सील बदलून बंद करणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. त्याच वेळी मॅनिफोल्डची पॅकिंग, टर्बोच्या ऑइल पाइपची सील, टर्बोच्या तोंडावरचं लाल सील आणि इनटेकमधली काजळी, सगळं उरकून घ्या.

त्या लाल सीलवर जरा थांबू या. ते सैल झालं की क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ तिथून झिरपते आणि थेंब बरोबर खालच्या एका छोट्या मोटरवर पडतात. ही मोटर इनटेकमधल्या झडपा फिरवते. ऑइल आत शिरलं की ती जाते, मग चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी जोर सोडते. पुष्कळ ठिकाणी नुसती मोटर बदलतात, गळकं सील तसंच ठेवतात. नवी मोटर त्याच थेंबांनी पुन्हा मरते.

ऑइल एमबी (मर्सिडीज-बेंझच्या दर्जाचा क्रमांक) २२९.५१ किंवा २२९.५२ असा शिक्का असलेलंच, साधारण आठ ते साडेआठ लिटर. कंपनीचा अवधी मोठा असला तरी इथल्या उन्हात आणि धुळीत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. ट्रॅक्टरसाठी घरात ठेवलेल्या बादलीतलं ऑइल वाईट नसतं, पण ते या गाडीचं नाही. त्यात राख जास्त. गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर त्यातली काजळी गाडी स्वतः जाळू शकते, ऑइलची राख जळत नाही, ती साठतच जाते.

काजळी जाळायलाही इंजिन नीट तापावं लागतं आणि गाडीला सलग पळावं लागतं. घर ते मार्केट यार्ड, यार्ड ते शेत, एवढंच रोजचं फिरणं असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर सत्तर-ऐंशीने न थांबता चालवा. एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही : थर्मोस्टॅट उघडा अडकला तर कूलंट सत्तरच्या आसपासच रेंगाळतं. डॅशबोर्डवर काहीच वावगं दिसत नाही, पण सफाई सुरूच होत नाही. डीपीएफ तुंबला म्हणून लाखाचं एस्टिमेट हातात पडेल तेव्हा आधी थर्मोस्टॅट बघायला सांगा. आणि डीपीएफ ‘काढून टाकून’ सॉफ्टवेअर बदललेली गाडी मिळाली तर घेऊ नका. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पुढची इतर दुखणी स्कॅनरवर नीट दिसतील याची खात्री राहत नाही.

गिअरबॉक्सला ‘ऑइल बदलायची गरजच नाही’ असं सांगणारे अजून भेटतात. ऐकू नका. ऐंशी हजार ते एक लाखाच्या दरम्यान एमबी २३६.१७ दर्जाचं ऑइल आणि फिल्टर बदला. पातळी मोजताना ऑइलचं तापमान स्कॅनरवर बघूनच मोजायची असते. थंड गिअरबॉक्सवर मोजलं की ऑइल कमी-जास्त होतं आणि गिअर धक्के देतो. ८६ हजारांच्या गाडीचं हे काम झालेलं नसेल तर पहिल्याच महिन्याच्या खर्चात धरा.

आता एअर सस्पेन्शन. खान्देशात या गाडीवर खर्च करायला लावणारा पहिला नंबर त्याचाच. स्प्रिंगऐवजी चार कोपऱ्यांत रबरी फुगे, त्यांना हवा पुरवणारा एक कॉम्प्रेसर, हवा वाटणारा व्हॉल्व्ह ब्लॉक आणि कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा एक रिले. पुढे फुगा आणि शॉकअप एकत्र स्ट्रटमध्ये, मागे दोन्ही वेगळे. अडीच टनांच्या आसपासचं धूड या रबरांवर उभं असतं.

बिघाड ठरलेल्या क्रमाने होतो. उन्हाने आणि वयाने रबराला घडीच्या जागी बारीक भेगा पडतात. रात्रभर हवा हळूहळू जाते. सकाळी कॉम्प्रेसर ती भरून काढतो, म्हणून दिवसा गाडी सरळ दिसते आणि मालकाला पत्ता लागत नाही. कॉम्प्रेसर मिनिटभर चालायचा तो चार-पाच मिनिटं चालतो. तापतो, त्यातला ओलावा शोषणारा ड्रायर भिजतो, पाणी व्हॉल्व्हमध्ये जातं. शेवटी कॉम्प्रेसर जळतो किंवा रिले चिकटून मोटर बंदच होत नाही. मग गॅरेजवाला कॉम्प्रेसर बदलतो. भेग तशीच असते, म्हणून नवा कॉम्प्रेसरही वर्षात जातो. म्हणून आधी गळती शोधा, मग कॉम्प्रेसरचं बोला, आणि कॉम्प्रेसरबरोबर रिले बदलाच. तो पूर्ण बिलाच्या मानाने किरकोळ आहे.

घेण्याआधीची तपासणी घरच्या टेपने होते. संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करायला लावा, सिमेंटचं अंगण उत्तम. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभं अंतर मोजा, चारही आकडे लिहून ठेवा. सकाळी, कुणी दारही न उघडता, पुन्हा मोजा. एखादा कोपरा दहा-पंधरा मिलिमीटरने बसला असेल तर तिथला फुगा, वरचा नळीचा जोड किंवा व्हॉल्व्ह ब्लॉक गळतोय. एका बाजूचे दोन्ही किंवा चारही कोपरे सारखे बसले तर संशय व्हॉल्व्ह ब्लॉकवर जास्त. मग इंजिन सुरू करून गाडी वरच्या उंचीवर न्या, स्प्रेच्या बाटलीत भांड्याच्या साबणाचं पाणी करून फुग्याच्या घडीवर, वरच्या जोडावर आणि ब्लॉकवर मारा. बुडबुडे दिसले तिथे गळती. ही परीक्षा द्यायला विकणारा नाखूश असेल तर त्यातच उत्तर आलं.

पुढचा स्ट्रट कंपनीचा घ्याल तर एकाला लाख ते दोन लाख असा अंदाज ठेवा. चांगल्या नावाचा बाहेरचा त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमी येतो आणि पाच वर्षं वापरायच्या गाडीला तो पुरेसा आहे. जोडीनेच बदला. ‘एअर काढून साध्या स्प्रिंगा टाकतो’ हा सल्ला मात्र घेऊ नका. गाडी चालते, पण इशाऱ्याचे दिवे, उंचीचे सेन्सर, शॉकअपचं नियंत्रण सगळं बिघडतं आणि विकताना भाव पडतो.

आता आपल्याकडच्या गोष्टी, ज्या पुण्या-मुंबईचा सल्लागार सांगणार नाही.

भुसावळ-जळगावकडचं मे महिन्यातलं ४५-४६ अंश हे तापमान सावलीतलं. बंद बोनेटखाली त्याहून बरंच जास्त. बॅटरीचा नियम सरळ आहे : तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. या गाडीची मुख्य एजीएम बॅटरी सीटखाली असल्याने ती थोडी वाचते, तरी चार वर्षांच्या पुढे गृहीत धरू नका. व्होल्टेज कमी झालं की ही गाडी भलतेसलते दोष दाखवायला लागते : एअरबॅग, एबीएस, सस्पेन्शन. असे तीन-चार दिवे एकदम लागले तर आधी बॅटरी तपासा, सेन्सर नंतर.

कूलंटमध्ये कंपनीने सांगितलेलं कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी टाकू नका, वाटेतल्या ढाब्यावरचंही नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते घरच्या गिझरची कॉइल काढून बघितली की कळतं. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तेच जमतं.

कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या रस्त्यांवर सरकी-कापसाचा तूस उडत असतो. तो एसीच्या कंडेन्सरवर आणि त्यामागच्या रेडिएटरवर चादरीसारखा बसतो, वर काळ्या मातीची धूळ. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, दोन रेडिएटरांच्या मधल्या फटीत मात्र गोधडी झालेली असते. एसी कमी पडला की लगेच गॅस भरायला सांगतात. आधी पुढचा भाग खोलून हलक्या दाबाच्या पाण्याने आतून बाहेर, इंजिनाच्या बाजूने पुढे असं धुवायला सांगा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला की कंडेन्सरच्या पाकळ्या वाकतात. एअर फिल्टरही कंपनीच्या अवधीवर ठेवू नका, दर दहा हजाराला काढून बघा.

सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या नळ्या असतात. उन्हाळाभर त्यात माती बसते आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी छतातून आत, कार्पेटखाली उतरतं. बॅटरी आणि वायरिंगचे कितीतरी जोड तिथेच आहेत. मृग लागायच्या आधी, मे अखेरीला, या नळ्यांतून गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हळूच फिरवून घ्या. कॉम्प्रेसरची जोरकस हवा मारू नका, आतला जोड सुटला की दुखणं वाढतं. गाडी बघायला जाल तेव्हा पुढचे पायपुसणे उचलून कार्पेट दाबून बघा, वास घ्या.

शेतात, गोडाऊनमध्ये गाडी उभी राहत असेल तर उंदीर. इंजिनचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कुरतडलं तर खर्च वायरीचा नसतो, चार दिवस ती वायर शोधण्याचा असतो. गाडी केळीच्या पाल्याच्या, धान्याच्या पोत्यांच्या जवळ ठेवू नका. आठवड्यातून दोनदा बोनेट उघडून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

वर्कशॉपचं अंतर हा या व्यवहारातला खरा कळीचा मुद्दा. चोपड्याहून नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सुरत, इंदूर यांतलं कुठलंही मोठं शहर धरा, दोनशे ते तीनशे किलोमीटर. इंदूरच्या वाटेला सेंधव्याचा बिजासन घाट आहे, बसकं सस्पेन्शन घेऊन तो चढायची वेळ येऊ देऊ नका. बंद पडलेली गाडी नेहमीच्या दोरीने किंवा पुढची चाकं उचलून ओढायची नसते. ती चारही चाकांना चालणारी आहे, अशा ओढण्याने पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा ट्रान्सफर केस बिघडतो. फ्लॅटबेडच लागतो. म्हणून विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेताना किती किलोमीटरपर्यंत टोइंग मोफत, ते कागदावर वाचा. पन्नास किलोमीटरचं कव्हर आपल्या काय कामाचं? गाडी घ्यायच्या आधीच एक चांगलं बाहेरचं गॅरेज ठरवा. त्याच्याकडे मर्सिडीजचं खास डायग्नोस्टिक यंत्र आहे का आणि याच इंजिनाचं ऑइल कूलरचं काम आधी केलंय का, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं तर दुसरं गॅरेज बघा.

आता वर्षाचा अंदाज, पंधरा हजार किलोमीटरला. ॲव्हरेज नऊचं धरा, डिझेल लिटरला ९२ रुपये : साधारण १ लाख ५३ हजार. विमा ऐंशी हजारांच्या आसपास. बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये नेहमीची सर्व्हिसिंग, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल वगैरे वर्षांवर वाटून चाळीस हजार. टायर आणि ब्रेक यांचे पंचवीस-पंचवीस हजारांचे हिस्से धरायचा मोह होतो, पण वीस इंची टायरांचा सेट लाखाच्या वर जातो आणि पंचेचाळीस हजार किलोमीटरला बदलावा लागतो. म्हणून दोन्ही मिळून पासष्ट हजार. आणि मोठ्या दुरुस्तीसाठी दरवर्षी दोन लाख बाजूला. बेरीज ५ लाख ४० हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला ४५ हजार. यात गाडीचा उतरणारा भाव धरलेला नाही. ते दोन लाख पहिल्या वर्षी खर्च झाले नाहीत म्हणून फ्रीजला किंवा लग्नाला वळवू नका. तिसऱ्या वर्षी दोन्ही स्ट्रट एकदम मागतील.

विम्यात एक खाच आहे. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप्रिसिएशन बहुतेक मिळत नाही. मग अपघातात प्लास्टिक-रबरच्या भागांवर ५० टक्के आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के तुमच्या खिशातून. समोरून नीलगाय आली आणि बंपर, जाळी, एक हेडलाइट गेला, तरी निम्म्याच्या आसपास बिल तुमचं. पावसात पाणी शिरून इंजिन जाम झालं तर साध्या पॉलिसीत तेही नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं.

कागदपत्रांत, गाडी दिल्लीकडची असेल तर भाव कमी का ते समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, त्यानंतर त्या गाड्या बाहेर स्वस्तात जाऊ लागल्या. गाडी वाईट असेलच असं नाही, पण एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि एमएच-१९ चा नंबर हा सगळा खर्च भावात मिळवून मगच तुलना करा. कर्ज फिटलेलं असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा फॉर्म ३५ ने उतरवून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

हायक्रॉसबद्दल थोडंच. पेट्रोल हायब्रिड, हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी, सेवा जळगावातच. सीट, शांतता, हायवेवरचा रुबाब यांत जीएलएसशी तिची बरोबरी नाही. तिसऱ्या रांगेत आई-वडील बसणार असतील तर मात्र दोन्ही गाड्यांत त्यांना मागे बसवून, चढ-उतार करायला लावून बघा. जीएलएस उंच आहे, गुडघेदुखी असलेल्या माणसाला ती पायरी रोजची डोकेदुखी होते. तुमच्या वडिलांना महिन्यातून दोनदा नाशिकला दवाखान्यात न्यायचं असेल आणि घरात दुसरी गाडी नसेल, तर हायक्रॉसच घ्या. जीएलएस दुसरी गाडी असलेल्या घराची गाडी आहे.

तरी मन तिच्यावरच असेल तर भाव करताना मोजून करा. सकाळी थंड इंजिनावर जा, बोनेटला हात लावून बघा : गरम असेल तर कुणीतरी आधी सुरू करून ठेवलंय. स्कॅनरवर इंजिन, गिअरबॉक्स आणि किल्लीच्या मॉड्यूलमधलं किलोमीटरचं वाचन डॅशबोर्डशी जुळतं का ते बघा. डीपीएफ असेल तर त्यातली राख, इंजेक्टरांचं करेक्शन (प्रत्येक इंजेक्टरच्या डिझेलमध्ये इंजिन किती कमी-जास्त करून घेतंय तो आकडा) यांची प्रिंट घ्या. अधिकृत वर्कशॉपमध्ये चॅसी नंबरवरून सर्व्हिसची नोंद काढता येते, ती मालकाच्या संमतीने मागवा. खोबणीत ऑइल दिसलं तर कूलरच्या कामाची मजुरी भावातून कापा, कोपरा बसलेला आढळला तर दोन स्ट्रटचे पैसे कापा. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ‘३२१९’ दिसलं तर ते २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातले टायर, नक्षी कितीही खोल असली तरी भावातून आणखी लाखभर कमी करा.